औषधी वनस्पतींवरची उन्हाळी इंटर्नशिप: ठाणे–नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी, पहिल्या मेलपासून शेवटच्या सहीपर्यंत

बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली, बीफार्मची किंवा एमएस्सी भाग एकची मुलं लॅबमध्ये पहिल्यांदा येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं: पाला आणायचा, अर्क काढायचा आणि तो कॅन्सरवर नाहीतर मधुमेहावर चालतो का ते बघायचं. उत्साह चांगला आहे, पण सहा-आठ आठवड्यांत औषध सापडत नाही. हाती लागू शकतो तो एक भरवशाचा आकडा. नक्की ओळख पटलेल्या वनस्पतीच्या ठरावीक भागाचा, ठरावीक पद्धतीने काढलेला आणि दुसऱ्या कुणी तेच केलं तर पुन्हा जवळपास तसाच येणारा. असा एक आकडा मिळाला तरी उन्हाळा सत्कारणी लागला असं मी मानते.

हा आकडा सहसा यंत्रावर बिघडत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, पाल्याच्या पिशवीवर चिठ्ठी लावायची राहून गेली तिथेच बिघडलेला असतो. म्हणून या लेखात रंगाची तीव्रता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरपेक्षा पिशवी, तराजू आणि वहीबद्दल जास्त सापडेल.

जागा कुठे आणि कधी शोधायची

जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात करा. एप्रिलअखेर विचारलंत तर लॅबमधली बाकं आधीच वाटली गेलेली असतात. तिन्ही भारतीय विज्ञान अकादम्या मिळून जी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात तिचे अर्ज तर आदल्या वर्षाच्या शेवटाकडेच मागवले जातात. पुढच्या वर्षासाठी हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपल्या भागात दोन प्रकारच्या जागा आहेत. पहिला प्रकार कॉलेज आणि विद्यापीठांच्या विभागांचा. ठाण्यात खाडीकाठी बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे, नेरूळ-बेलापूरकडे डी. वाय. पाटील विद्यापीठ आहे, शिवाय दोन्ही शहरांतली फार्मसी कॉलेजं आणि आयुर्वेद महाविद्यालयांचे द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचे गुण शिकवणारे) विभाग आहेत. दरवर्षी तिथे जागा असेलच असं नाही, पण विचारायला सुरुवात इथून करायची. दुसरा प्रकार दिघ्यापासून रबाळे, महापे, तुर्भे असा पसरलेल्या टीटीसी एमआयडीसीतल्या कंपन्यांचा आणि खाजगी चाचणी प्रयोगशाळांचा. कॉलेजात स्वतःचा प्रश्न घेऊन काम करायला मिळतं, पण वेळापत्रक सैल असतं आणि रसायन संपलं की पुढची ऑर्डर येईपर्यंत हात बांधून बसावं लागतं. कंपनीत प्रश्न त्यांचा असतो. तुम्ही कच्च्या मालाची राख मोजता, आर्द्रता मोजता, पुन्हा राख मोजता. काम कंटाळवाणं वाटतं, पण नोंदीची शिस्त तिथे जशी लागते तशी कुठेच लागत नाही. पुढे नोकरी करायची असेल तर कंपनी निवडा, पीएचडीचा विचार असेल तर कॉलेज.

मेल पाच-सहा ओळींचा पुरे. कोण आहात, काय शिकताय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, प्रात्यक्षिकांत काय काय हाताळलंय आणि त्या लॅबचं नेमकं कोणतं काम वाचलंय. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, आणि तोच पाहून उत्तर द्यायचं की नाही ते ठरतं. एकच मेल पन्नास जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो, विशेषतः वर 'रिस्पेक्टेड सर' लिहून तो मॅडमना पाठवलेला असेल तेव्हा.

होकार आला की तीन गोष्टी विचारून घ्या. रोज शिकवणार कोण? दारावर नाव सरांचं असतं, पण पिपेट कसं धरायचं ते शिकवणार पीएचडी करणारी एखादी ताई. शक्य असेल तर तिला आधी भेटा. मानधन मिळणार का? बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. तिसरं, मिळालेली माहिती कॉलेजच्या अहवालात वापरता येईल का? कंपनी गोपनीयतेच्या कागदावर सही घेते, तो कागद वाचून मगच सही करा. काही ठिकाणी इंटर्नशिपच्या नावाखाली फी घेऊन आठवड्याभराचं प्रशिक्षण देतात. ते वाईटच असतं असं नाही, पण तो क्लास झाला. तिथे ठरलेले प्रयोग करून ठरलेली उत्तरं मिळतात.

जाण्यायेण्याचं अवघड काही नाही. ठाण्याहून वाशी किंवा पनवेल ट्रान्सहार्बर, उतरल्यावर शेअर रिक्षा नाहीतर एनएमएमटीची बस. मात्र एमआयडीसीत स्टेशनपासून गेटपर्यंतचं अंतर मे महिन्याच्या दुपारी फार लांब वाटतं, तेव्हा पाण्याची बाटली बरोबर हवी. कपडे सुती, बूट पूर्ण बंद. सँडल घालून आलात तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील, आणि पाठवलंच पाहिजे. ओढणी सोडून ठेवायची नाही, केस बांधायचे, डबा लॅबच्या बाहेर खायचा.

वनस्पती निवडण्याआधी प्रश्न निवडा

'अडुळशाच्या पानांचा अभ्यास' हा प्रश्न नाही, विषयही धड नाही. 'सावलीत वाळवलेल्या आणि ओव्हनमध्ये ४० अंश सेल्सिअसला वाळवलेल्या अडुळशाच्या पानांतल्या एकूण फिनॉलिक घटकांत किती फरक पडतो' हा प्रश्न आहे. (फिनॉलिक म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक गट.) यात तुलना आहे, मोजता येणारी गोष्ट आहे आणि उत्तर काहीही आलं तरी ते लिहिता येतं. फरक पडत नाही, हेही उत्तरच.

वनस्पती निवडताना ऋतू बघा. उन्हाळी इंटर्नशिपवाल्यांचं घोडं इथेच अडतं. पुस्तकात वाचून कळलावी, सफेद मुसळी, भुईआवळा अशी यादी घेऊन मुलं येतात, आणि या भागात त्या पावसाबरोबर वर येतात. मे महिन्यात जमिनीवर त्यांचं नावही नसतं. उन्हाळ्यात भरपूर आणि सहज मिळणाऱ्या वनस्पती म्हणजे अडुळसा, निर्गुडी, कडुनिंब, गुळवेल आणि शेवग्याची पानं. कुड्याला याच दिवसांत पांढरी फुलं येतात, त्यामुळे तो ओळखणंही सोपं जातं.

माझी स्वतःची पसंती जांभळाच्या बीला. मेअखेर-जूनमध्ये ठाण्याच्या बाजारात गावाकडच्या मावशी जांभळं घेऊन बसतात. फळ खाऊन झालं की बी फुकट, कुठलं झाड तोडावं लागत नाही आणि ओळखीत गफलत व्हायची शक्यता कमी. बीमध्ये गॅलिक आणि एलॅजिक आम्ल असल्यामुळे फिनॉलिकची चाचणी शिकायलाही ती सोयीची. एकच करा: मावशींना जांभळं कुठल्या गावची ते विचारा आणि वहीत लिहा.

नरक्या निवडू नका. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्पटोथेसिन असतं, ज्याच्यापासून कॅन्सरवरची काही औषधं तयार होतात, आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली आहे. विद्यार्थ्याच्या सरावासाठी त्याच्यावर आणखी कुऱ्हाड नको.

गोळा करणं, आणि येऊरबद्दल स्पष्ट दोन शब्द

ठाण्यात वनस्पती म्हटलं की सगळ्यांना येऊर आठवतं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पान तोडणंही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चालत नाही. 'थोडंसंच तर घेतो' ही सबब नाही. परवानगी मिळवायला जो वेळ लागतो तो तुमच्या इंटर्नशिपच्या मुदतीत बसत नाही, म्हणून दुसरीकडे बघा. सोसायटीची बाग, ओळखीच्यांची मुरबाड-शहापूरकडची शेती, कॉलेजचं औषधी उद्यान, रोपवाटिका. मालकाला विचारून घ्या. रस्त्याकडेची झाडं टाळा; घोडबंदर रोडच्या धुळीने माखलेल्या पानांतून तुम्ही नक्की काय मोजणार?

काष्ठौषधींच्या दुकानातून वाळलेला माल आणणं सोपं असतं, आणि कंपनीत तर तसाच माल तपासायचा असतो. पण दुकानातल्या पुडीवरचं नाव हे दुकानदाराचं म्हणणं असतं, ओळख नव्हे. याची उदाहरणं भरपूर आहेत. ब्राह्मी मागितली तर कुणी बॅकोपा मोनिएरी देतो, कुणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही वेगळ्या कुळांतल्या, रसायनंही वेगळी. शंखपुष्पीच्या नावावर निदान तीन वनस्पती फिरतात, त्यात गोकर्णही येते. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांच्या सालींचीही अशीच सरमिसळ होते. गुळवेलीचं प्रकरण तर २०२२ मध्ये आयुष मंत्रालयापर्यंत गेलं होतं. औषधातली टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत करू नका, असं मंत्रालयाला लोकांना सांगावं लागलं. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. आपल्या गुळवेलीच्या खोडावर तशा नसतात आणि तिची साल कागदासारखी सुटते.

म्हणून नमुना गोळा करताना हर्बेरियमसाठीही, म्हणजे वाळवून दाबलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी, एक फांदी घ्यायची. फूल किंवा फळ असलेली घ्या, नुसत्या पानांवरून तज्ज्ञही खात्रीने सांगत नाहीत. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वजनाखाली दाबून ठेवा. आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे कागद पहिले काही दिवस रोज बदलावा लागतो, नाहीतर पान काळं पडतं. नीट वाळलं की साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाचायचं. लेबलवर तारीख, ठिकाण, झाड केवढं, फुलाचा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. फुलाचा रंग तिथल्या तिथे लिहा, वाळल्यावर तो उरत नाही. बुरशी लागू नये म्हणून जुन्या पद्धतीत शीटला पाऱ्याचं क्षार लावत. ते जहाल विषारी आहे, त्या वाटेला जाऊ नका.

ओळख पक्की करून घ्यायला मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. तुमच्या विभागातल्या वर्गीकरणाच्या सरांनी ओळख सांगितली तरी कामाच्या सुरुवातीला चालेल, पण निबंध छापायचा असेल तर नमुना क्रमांकासह लेखी ओळखपत्र लागतं. हे पहिल्याच आठवड्यात करा. शेवटच्या आठवड्यात झाड वेगळंच निघालं तर सगळं काम पाण्यात.

वाळवण

पानं धुऊन, पाणी निथळून, सावलीत एकेरी थरात पसरायची. मेच्या शेवटी हवेत इतकी आर्द्रता असते की पानं चिवट होतात, पण कुरकुरीत होत नाहीत, आणि चार दिवसांत खालच्या थरावर पांढरी बुरशी दिसते. ओव्हन मिळत असेल तर ४० ते ४५ अंश ठेवा. पंख्याखाली वाळवणार असाल तर दिवसातून दोनदा परता. 'वाळलं' हे हाताला विचारायचं नाही, तराजूला विचारायचं. रोज ठरावीक वेळी वजन करा. लागोपाठ दोन वजनं जवळपास सारखी आली की थांबा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस दारात असतो, त्यामुळे पानांच्या वाळवणाचं सगळं काम मेमध्येच उरका. आजीचं पापडांचं वेळापत्रक इथे तंतोतंत लागू पडतं.

पानांचं बहुतेक वजन पाण्याचं असतं. किलोभर ताज्या पानांची पावडर पाव किलोच्या आसपासच भरते, त्या हिशोबाने पानं आणा. नंतर पुन्हा आणलेली पानं म्हणजे दुसरा नमुना. पहिल्यात मिसळायची नाहीत. मिक्सर सलग चालवला तर पावडर गरम होते, म्हणून थांबून थांबून फिरवा. मग चाळा, तपकिरी काचेच्या बाटलीत भरा, आत सिलिका जेलची पुडी टाका. बाटलीवर वनस्पती, भाग, गोळा केल्याची तारीख, पावडर केल्याची तारीख आणि तुमचं नाव. झाकणावर लिहू नका. झाकणं बदलतात.

अर्क काढताना

तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट अर्क काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. मलेरियावर चिंगहाव या वनस्पतीचे अर्क त्यांच्या गटाने तपासले, पण परिणाम कधी दिसायचा, कधी नाही. जुन्या ग्रंथात ती वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उष्णतेने घटक नष्ट होत असावा हे ओळखून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ मध्ये नोबेल. तेव्हा कोणतं द्रावक, किती तापमान, किती वेळ हा वहीतला तपशील म्हणजेच तुमचा प्रयोग.

नवख्यांसाठी दोन पद्धती पुरेशा. पहिली थंड भिजवणीची. पावडर एक भाग, द्रावक दहा भाग, २४ ते ४८ तास शेकरवर, मग व्हॉटमन पेपरमधून गाळायचं. साधी आहे, आणि उष्णता नको असेल तर हीच बरी. दुसरी सॉक्सलेटची. थिंबलमध्ये, म्हणजे जाड गाळणकागदाच्या नळीत, समजा २० ग्रॅम पावडर, खालच्या फ्लास्कमध्ये २५० मिली मिथेनॉल. द्रावक उकळतं, वर जाऊन थंड होतं, थिंबलमध्ये भरतं आणि भरलं की सायफनमधून खाली येतं. सायफनमधला रंग जवळजवळ जाईपर्यंत चालवायचं. त्याला सहा-आठ तास सहज लागतात. सुरू करण्याआधी कंडेन्सरच्या नळाला पाणी येतंय आणि दिवसभर येणार आहे ना, हे बघा. पाणीकपातीचा दिवस लॅबमधल्या काकांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. पाणी थांबलं आणि हीटर चालू राहिला तर मिथेनॉलची वाफ खोलीभर होते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, सहज पेट घेतं आणि पोटात गेलं तर डोळे जातात. त्यामुळे सॉक्सलेट चालू ठेवून जेवायला जायचं नाही, आणि त्या खोलीत बर्नर पेटवायचा नाही. वापरलेलं द्रावक बेसिनमध्ये ओतायचं नसतं, त्याचा वेगळा कॅन असतो.

रोटाव्हॅपवर, म्हणजे कमी दाबाखाली वाफ करणाऱ्या यंत्रावर, द्रावक उडवताना पाण्याचा बाथ ४० अंशांच्या जवळ ठेवा. रिकाम्या फ्लास्कचं वजन आधीच करून ठेवा. हे विसरलं की अर्क किती मिळाला ते कधीच कळत नाही, कारण तो काचेला डांबरासारखा चिकटून बसतो. २० ग्रॅम पावडरीतून २.४ ग्रॅम अर्क आला तर उतारा १२ टक्के. हा आकडा पुढे लागणार आहे.

चाचण्या

सुरुवात रंगांच्या चाचण्यांपासून होते. मायरच्या द्रावणाने दुधी साका आला, ड्रॅगनडॉर्फने नारिंगी आला तर अल्कलॉइड. फेरिक क्लोराइडने निळा-काळा किंवा हिरवट रंग आला तर फिनॉल, टॅनिन. हलवल्यावर टिकणारा फेस आला तर सॅपोनिन. दोन दिवसांत उरकतात, तक्ता छान दिसतो. पण या चाचण्या खुणेपुरत्या आहेत. त्यांच्या जोरावर 'अर्कात अमुक संयुग आढळलं' असं लिहू नका. टीएलसी, म्हणजे पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करायची पद्धत, त्यापेक्षा बरंच काही सांगते. फक्त प्लेटवर रेघ पेन्सिलने मारा, पेनची शाई द्रावकाबरोबर वर चढते. आणि यूव्ही दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

खरं शिक्षण मोजणीत आहे. एकूण फिनॉलिकसाठी फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक आणि सोडियम कार्बोनेट वापरतात, आणि निळा रंग ७६५ नॅनोमीटरला मोजतात. आधी गॅलिक आम्लाच्या वेगवेगळ्या सांद्रतांचा आलेख. नमुन्याचं रीडिंग त्या आलेखाच्या आत पडायला हवं. बाहेर गेलं तर रेघ लांबवायची नाही, अर्क पातळ करून पुन्हा मोजायचं. गडबड होते ती शेवटच्या आकडेमोडीत, म्हणून एक नमुन्याचा हिशोब करू. समजा आलेखावरून उत्तर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम आलं आणि अर्काचं द्रावण मिलिलिटरला १ मिलिग्रॅम होतं. म्हणजे एक ग्रॅम अर्कात गॅलिक आम्लाच्या हिशोबाने ५० मिलिग्रॅम. पण उतारा १२ टक्के, तेव्हा एक ग्रॅम पावडरीत ०.१२ ग्रॅम अर्क, म्हणजे ६ मिलिग्रॅम. ५० आणि ६, दोन्ही बरोबर. कुठला आकडा अर्काचा आणि कुठला पावडरीचा हे लिहिलं नाही तर दोन्ही निरुपयोगी. दुसऱ्यांच्या निबंधाशी तुलना करतानाही आधी हेच बघा. शिवाय फोलिन फक्त फिनॉल ओळखतं असं नाही; क जीवनसत्त्व आणि काही प्रथिनंही त्याला निळं करतात.

डीपीपीएच ही ऑक्सिडीकरणरोधक गुण मोजायची लाडकी चाचणी. जांभळ्या द्रावणात अर्क घातला की रंग पिवळट होत जातो, तो ५१७ नॅनोमीटरला मोजतात. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिली मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच लागतं. साध्या तराजूवर एवढं कमी वजन नीट होत नाही, त्यामुळे जास्त घट्ट द्रावण करून मग पातळ करा. त्याच दिवशी बनवा, फॉइलमध्ये गुंडाळा, अर्क घातल्यावर ३० मिनिटं अंधारात ठेवा. कंट्रोलचं (अर्क न घातलेल्या द्रावणाचं) रीडिंग ०.८२० आणि नमुन्याचं ०.४१० आलं तर रोध ५० टक्के. ज्या सांद्रतेला ५० टक्के रोध मिळतो ती आयसी-५०, आणि ती जितकी कमी तितका अर्क प्रभावी. तोंडी परीक्षेत इथे निम्मे जण उलटं सांगतात. पानांचा अर्क मुळात हिरवा असतो, म्हणून डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचं रीडिंगही घेऊन वजा करायचं. ते गाळलं तर क्लोरोफिलचा रंग तुमच्या आकड्यात शिरतो. बरोबर क जीवनसत्त्वाचा नमुना चालवा, म्हणजे चाचणी त्या दिवशी नीट चालली होती का ते कळतं.

'तीनदा केलं' याचा अर्थही समजून घ्या. एकाच अर्कातून तीन क्युव्हेट (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळ्या) भरले तर तुमचा हात किती स्थिर आहे ते समजतं. पावडर तीनदा वेगळी तोलून, अर्क तीनदा वेगळा काढून मोजलं तर पद्धत किती स्थिर आहे ते समजतं. वेळ कमी असेल तर वनस्पती कमी करा, हे कमी करू नका.

जिवाणूंवरची चाचणी मुलांना फार आवडते, कारण बशीत स्वच्छ गोल दिसतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या माणसाच्या देखरेखीशिवाय ती करू नका, आणि नुसत्या डीएमएसओची, म्हणजे अर्क ज्या द्रावकात विरघळवला त्याची, विहीर (अगारमधलं छोटं भोक) प्रत्येक बशीत ठेवा. गोल मोठा म्हणजे अर्क जोरदार, असंही नाही. काही घटक अगारमध्ये पसरतच नाहीत.

वही

पाठपोट शिवलेली, पानांना क्रमांक असलेली वही. सुट्या कागदावर लिहून रात्री घरी उतरवायचं, हे बंद. जे घडलं ते तिथेच, शाईने. चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला आद्याक्षरं. व्हाइटनर अजिबात नाही. कोणता तराजू, रसायनाची कोणती बाटली आणि तिचा बॅच क्रमांक, खोलीत एसी चालू होता की बंद, दुपारी वीज गेली होती का. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोचा क्रमांक वहीत लिहा. नाहीतर महिन्याभराने गॅलरीत चाळीस हिरवे चौकोन दिसतात आणि कुठला कशाचा ते सांगता येत नाही. एक्सेलमध्ये आकडे रोज भरा, आणि न जुळणारं रीडिंग गुपचूप काढून टाकू नका. काढायचंच असेल तर कारण लिहून काढा. ताईला विचारलंत तर ती बहुधा म्हणेल, राहू दे.

काय म्हणायचं आणि काय नाही

डीपीपीएचमध्ये चांगला आकडा आला म्हणजे वनस्पती कॅन्सर बरा करते असं नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी तुमचा फोटो टाकून तसं लिहिलं तर नम्रपणे खोडा. चाचणीनळीपासून रोग्यापर्यंतचं अंतर किती असतं, ते सर्पगंधेवरून दिसतं. आपल्याकडे तिचा वापर पिढ्यानपिढ्या होत होता, पण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला तेव्हा जगाने दखल घेतली. तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं १९५२ मध्ये. अर्क स्वतः चाखून बघणं, घरच्यांना देणं हा विचारही नको. त्यात द्रावक किती उरलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

अहवालात 'या परिस्थितीत, या नमुन्यात, एवढं आढळलं' इथे थांबा. परंपरागत उपयोग लिहायचा असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात, तुमच्या निष्कर्षांपासून लांब.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात नवा प्रयोग सुरू करू नका. अहवाल लिहायला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. पद्धतीचा भाग आधी लिहा, तो वहीतून जवळजवळ जसाच्या तसा येतो. मग निकाल, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. इंटरनेटवरचे उतारे चिकटवलेली प्रस्तावना दोन मिनिटांत पकडली जाते. हर्बेरियमचा नमुना क्रमांक पद्धतीच्या पहिल्याच ओळीत हवा.

उरलेले अर्क आणि पावडरी यादी करून ताईच्या हवाली करा, फ्रिजमधल्या बेवारशी बाटल्या पुढच्या मुलांच्या गळ्यात पडतात. वही बहुधा लॅबकडेच राहते, म्हणून पानांचे फोटो घ्यायची परवानगी मागा. प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कामाचा विषय आणि एकूण तास असावेत. कॉलेजने ओजेटीसाठी (ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी) तास ठरवून दिले असतील तर हजेरीच्या तक्त्यावर दर आठवड्याला सही घेत चला. जून संपता संपता कॉलेजं सुरू होतात, सर-मॅडम प्रवेशाच्या कामात अडकतात, आणि मग एका सहीसाठी नेरूळला तीन-तीन फेऱ्या होतात.